स्तनाच्या कर्करोगातील संप्रेरक-ग्राहक चाचणी : अचूकतेच्या शोधाचा इतिहास

मालवण, कणकवली किंवा सावंतवाडी येथे एखाद्या स्त्रीच्या स्तनातील गाठ शस्त्रक्रियेने काढली की शल्यविशारदाचे काम बहुतांशी संपते, परंतु त्या गाठीचे काम तेथून सुरू होते. फॉर्मॅलिनच्या बरणीत घालून ती कोल्हापूर, बेळगाव, गोवा अथवा मुंबई येथील प्रयोगशाळेकडे रवाना होते. काही दिवसांनी जो अहवाल हाती येतो, त्यात शेवटी दोन छोट्या नोंदी असतात : ‘ई.आर.’ आणि ‘पी.आर.’. पुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या दोन संप्रेरकांना धरून ठेवणारे ग्राहक त्या गाठीच्या पेशींमध्ये आहेत की नाहीत, एवढेच त्या नोंदी सांगतात. रुग्णाला पुढील पाच वर्षे, कधी दहा वर्षे, संप्रेरकरोधक गोळी द्यावयाची की नाही, याचा निर्णय मात्र त्यांवरच होतो. ही नोंद चुकली तर काय होते, आणि ती चुकू नये यासाठी कोणी काय केले, याचा इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे. त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण परळ येथे घडले.

या इतिहासाचा आरंभ गोठ्यात झाला असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. स्कॉटलंडमधील शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन तरुणपणी दुग्धस्रवणाचा अभ्यास करीत असता त्यांना असे कळले की, काही देशांतील शेतकरी गाय व्याल्यानंतर तिचे अंडाशय काढून टाकतात, आणि त्यामुळे ती दीर्घकाळ दूध देत राहते. स्तन आणि अंडाशय यांच्यात काही अदृश्य सूत्र आहे, हे त्यांनी ओळखले. १८९५ साली ग्लासगो येथे त्यांनी स्तनाचा कर्करोग पसरलेल्या एका तरुण स्त्रीचे अंडाशय काढले, आणि गाठी विरघळू लागल्या. १८९६ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला. इस्ट्रोजेन हे नावही तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. परंतु लवकरच ध्यानात आले की, हा उपाय सर्वांना लागू पडत नाही. सुमारे एक तृतीयांश रुग्णांनाच त्याचा लाभ होतो. उरलेल्या स्त्रिया शस्त्रक्रियेच्या यातना व्यर्थ सोसत. लाभ होणार कोणाला, हे आधी ओळखण्याचा मार्ग पुढची साठ वर्षे सापडला नाही.

तो मार्ग शिकागो येथील एलवुड जेन्सन यांनी दाखविला. संप्रेरक शरीरात गेल्यावर त्याचे रूपांतर होऊन ते कार्य करीत असावे, अशी तत्कालीन समजूत होती. जेन्सन आणि त्यांचे सहकारी हर्बर्ट जेकबसन यांनी उलट बाजूने विचार केला. संप्रेरकाचे काय होते हे पाहण्याऐवजी ते कोठे जाऊन थांबते हे त्यांनी पाहिले. किरणोत्सर्गी हायड्रोजनची खूण लावलेले इस्ट्रोजेन त्यांनी उंदरांना दिले. रक्तातून ते सर्वत्र फिरले, पण गर्भाशयासारख्या मोजक्या अवयवांनीच ते धरून ठेवले, आणि तेही रूपांतर न करता. १९५८ साली मांडलेल्या या निष्कर्षातून पेशीत इस्ट्रोजेनला धरून ठेवणारे एक प्रथिन आहे, हे सिद्ध होत गेले. तोच हा ग्राहक. पुढे १९७० च्या सुमारास जेन्सन यांनी दाखवून दिले की, ज्या गाठीत हा ग्राहक नाही, तिच्यावर अंडाशय काढण्याचा उपाय क्वचितच लागू पडतो. बीटसन यांच्या कोड्याचे उत्तर मिळाले होते. जेन्सन यांना २००४ साली अमेरिकेतील प्रतिष्ठेचे लास्कर पारितोषिक मिळाले.

याच सुमारास इंग्लंडमध्ये आय.सी.आय. या कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी १९६२ साली तयार केलेले एक रसायन गर्भनिरोधक म्हणून तपासले जात होते. त्या कामी ते निरुपयोगी ठरले. परंतु ते इस्ट्रोजेनच्या कुलपात दुसरीच किल्ली अडकवून ठेवते, हे लक्षात आल्यावर मँचेस्टर येथील ख्रिस्टी रुग्णालयात १९७१ साली स्तनाच्या कर्करोगावर त्याचा पहिला अनुभव प्रसिद्ध झाला. तेच टॅमॉक्सिफेन. ब्रिटनमध्ये ते १९७३ साली व अमेरिकेत १९७७ साली मान्य झाले. जगभरातील चाचण्यांचा एकत्रित हिशेब पुढे मांडला गेला, तेव्हा दिसले की ग्राहक असलेल्या गाठींत पाच वर्षे हे औषध घेतल्यास स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. ग्राहक नसलेल्या गाठींत त्याचा लाभ नाही. हे औषध भारतात स्वस्त मिळते, गोळीच्या रूपाने घरी बसून घेता येते, आणि त्यासाठी मुंबईच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. कोकणातील रुग्णाच्या दृष्टीने याहून सोयीचा उपचार क्वचितच असेल. म्हणूनच ज्या स्त्रीला ही गोळी लागू पडली असती, तिच्या अहवालात ‘निगेटिव्ह’ असे चुकून लिहिले जाणे ही कारकुनी चूक ठरत नाही. तो एका उपचाराचा दरवाजा बंद होणे होय.

आता मुंबईकडे वळू. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. आडनाव वेंगुर्ले तालुक्यातील खानोली गावाची आठवण करून देणारे. भारतीय विकृतिशास्त्राचे ते जनक मानले जातात. निरनिराळ्या समाजांत, निरनिराळ्या चालीरीतींच्या लोकांत कर्करोगाचे स्थान व प्रमाण कसे बदलते, याचा त्यांनी चिकाटीने अभ्यास केला. घट्ट धोतराच्या घर्षणाने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचे त्यांच्या प्रयोगशाळेने केलेले वर्णन पुढे पाठ्यपुस्तकांत गेले. भारतीयांचा कर्करोग पाश्चात्त्यांहून वेगळा असू शकतो, हा विचार भारतीय वैद्यकात अशा भक्कम कामातून रुजला. तो बरोबरही होता. मात्र याच विचाराने पुढे एका आकड्याला सहज विश्वासार्हता मिळाली असावी, असे म्हणण्यास जागा आहे.

प्रारंभी ग्राहकांची मोजणी ही रसायनशास्त्रज्ञाची चाचणी होती. गाठीचा ताजा तुकडा शस्त्रक्रियागृहातून निघताच गोठवावा लागे, तो कुटून त्यात किरणोत्सर्गी इस्ट्रोजेन मिसळून मोजणी करावी लागे. द्रवरूप नायट्रोजन, किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रे, तरबेज हात हे सारे मोठ्या केंद्रांतच शक्य होते. शिवाय कुटलेल्या तुकड्यात कर्करोगाच्या पेशी किती आणि निरोगी किती, हे कळत नसे. प्रतिपिंडांवर आधारलेली सुधारित पद्धत आल्यावर टाटा रुग्णालयातील रेडकर, काब्रे आणि इंद्रनील मित्रा यांनी १९९२ साली भारतीय रुग्णांतील ग्राहकांची मोजणी प्रसिद्ध केली. पण तीही कुटलेल्या ऊतीचीच. जिल्ह्याच्या ठिकाणी काढलेल्या आणि फॉर्मॅलिनमध्ये पडलेल्या गाठीला या चाचण्यांचा काहीच उपयोग नव्हता. त्या काळी चाचणीची सोय नसल्याने अनेक ठिकाणी टॅमॉक्सिफेन अंदाजानेच दिले जाई.

ही अडचण दूर झाली ती काचपट्टीवरील रंगचाचणीमुळे. तिला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री असे लांबलचक नाव आहे. प्रयोगशाळेत सर्वजण तिला ‘आय.एच.सी.’ म्हणतात. जेन्सन आणि जेफ्री ग्रीन यांनी इस्ट्रोजेन-ग्राहकाला नेमके चिकटणारे प्रतिपिंड तयार केले होते. ते प्रतिपिंड काचेवरील पातळ कापावर सोडायचे आणि ते जेथे चिकटेल तेथे तपकिरी रंग उमटवायचा, असे या चाचणीचे थोडक्यात स्वरूप आहे. पेशीचे केंद्रक तपकिरी झाले तर ग्राहक आहे, निळे राहिले तर नाही. परंतु पहिले प्रतिपिंड गोठवलेल्या ऊतीवरच चालत. फॉर्मॅलिन हे प्रथिनांना एकमेकांशी असे जखडून टाकते की ग्राहक असूनही प्रतिपिंडाला सापडत नाही. १९९१ साली शान-रोंग शी आणि सहकाऱ्यांनी शोधून काढले की, काचपट्टी ठरावीक द्रावणात मायक्रोवेव्हने तापवल्यास हे बंध सैल होतात. १९९४ साली इंग्लंडमधून यासाठी प्रेशर कुकर वापरण्याची पद्धत पुढे आली. स्वयंपाकघरातील हे भांडे मग जगभरच्या विकृतिशास्त्र विभागांत, भारतातील विभागांतही, जाऊन बसले. कुकरची शिटी किती वेळ व्हावी यावर एखाद्या स्त्रीचा पुढील पाच वर्षांचा उपचार ठरावा, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण वस्तुस्थिती तीच होती. डाळ कमी शिजली तर ती दाताखाली कळते. काचपट्टी कमी तापली तर ते कोणालाच कळत नाही, केवळ अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो.

आता मेणाच्या ठोकळ्यात साठवलेली कोणतीही गाठ, कोणत्याही गावाहून आलेली, तपासता येऊ लागली. १९९० च्या दशकात भारतातील अनेक शहरांत ही चाचणी सुरू झाली, आणि त्यातूनच तो आकडा पुढे आला. २००० साली टाटा रुग्णालयाच्या डॉ. संगीता देसाई आणि सहकाऱ्यांनी ७९८ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इस्ट्रोजेन-ग्राहक असलेल्या गाठी सुमारे एक तृतीयांश होत्या. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास सांगितले जात होते. भारतीय स्त्रियांना हा रोग पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा सुमारे दहा वर्षे आधी होतो, निदानाच्या वेळी गाठ मोठी व आक्रमक असते, आणि अशा गाठींत ग्राहक कमी असतात, हे खरेच आहे. त्यामुळे भारतीय स्त्रीचा रोगच निराळा आहे, असा निष्कर्ष अनेकांना स्वाभाविक वाटला.

परंतु त्याच अभ्यासात आणखी एक आकडा होता. प्रोजेस्टेरॉन-ग्राहक सुमारे ४६ टक्के गाठींत आढळले होते, म्हणजे इस्ट्रोजेन-ग्राहकापेक्षा अधिक. येथे जीवशास्त्राचा एक नियम ध्यानात घ्यावा लागतो. पेशीत प्रोजेस्टेरॉन-ग्राहक तयार होतो तोच मुळी इस्ट्रोजेन-ग्राहकाच्या हुकुमावरून. हुकूम देणारा गैरहजर आणि हुकमाची अंमलबजावणी मात्र झालेली, असे एखाद-दुसऱ्या गाठीत घडू शकते. शेकड्यांनी गाठींत घडू लागले तर हुकूम देणारा गैरहजर नसून दिसत नाही, असा संशय घ्यावा लागतो. २००५ साली मुंबईतील डॉ. संजय नवानी आणि भादुरी यांनी नेमका हाच प्रश्न भारतीय विकृतिशास्त्रज्ञांच्या नियतकालिकात विचारला. इस्ट्रोजेन-ग्राहक नाही पण प्रोजेस्टेरॉन-ग्राहक आहे अशा गाठी भारतात इतक्या मोठ्या संख्येने आढळतात, हे सत्य की कल्पित, असा प्रश्न त्यांनी लेखाच्या शीर्षकातच ठेवला होता. त्यांचे बोट रोगाकडे नव्हते, तंत्राकडे होते.

अशा वेळी गाठीतच एक साक्षीदार दडलेला असतो, आणि तो फुकट मिळतो. कर्करोगाच्या शेजारी स्तनाच्या निरोगी नलिका असतात, व त्यांतील काही पेशींत इस्ट्रोजेन-ग्राहक असतोच असतो. त्याच काचपट्टीवर त्या निरोगी पेशीही रंगल्या नसतील तर चाचणीच फसलेली आहे, ‘निगेटिव्ह’ असा अहवाल देण्याचा अधिकार कोणाला नाही. चाचणी पुन्हा करावी लागते. हा साक्षीदार सर्वांना ठाऊक होता. त्याला प्रत्येक वेळी साक्षीला बोलावण्याची शिस्त मात्र सर्वत्र नव्हती.

२००९ साली टाटा रुग्णालयाच्याच डॉ. तनुजा शेट आणि सहकाऱ्यांनी १९९९ ते २००६ या आठ वर्षांतील ११ हजारांहून अधिक गाठींचा आढावा प्रसिद्ध केला. ‘काय होते आणि काय आहे’ असा त्याचा रोख होता. संप्रेरक-ग्राहक असलेल्या गाठींचे प्रमाण आता निम्म्याहून थोडे अधिक दिसले. आधीच्या व नंतरच्या आकड्यांची मोजपट्टी तंतोतंत एक नाही, हे मान्य केले तरी एक गोष्ट उरते. रुग्णालय तेच, रुग्ण त्याच प्रदेशांतले. काही वर्षांत स्त्रियांची शरीरे बदलत नसतात. प्रमाण पाश्चात्त्य आकड्यांपर्यंत पोहोचले नाही, म्हणजे रोगाच्या स्वरूपात काही अंतर खरोखरच आहे. परंतु पूर्वी मानलेल्या अंतराचा काही भाग प्रयोगशाळेत आणि बरणीत तयार झालेला होता, असे मानल्यावाचून गत्यंतर नाही. एका मोठ्या संस्थेने स्वतःचे जुने व नवे आकडे असे शेजारी ठेवून लोकांपुढे मांडावेत, यात शास्त्राची प्रतिष्ठा वाढते, कमी होत नाही.

हा दोष केवळ भारताचा होता असे समजण्याचे कारण नाही. कॅनडातील न्यूफाउंडलंड प्रांतात २००५ साली नव्या यंत्रावर एका रुग्णाची चाचणी पुन्हा केली असता जुना ‘निगेटिव्ह’ अहवाल ‘पॉझिटिव्ह’ ठरला. मग १९९७ पासूनच्या चाचण्या टोरांटो येथे पाठवून पुन्हा करण्यात आल्या, आणि जवळजवळ ४०० स्त्रियांचे अहवाल चुकले असल्याचे उघड झाले. त्यांतील अनेकींना संप्रेरकरोधक गोळी मिळालीच नव्हती, आणि कित्येक जणी तोवर दिवंगत झाल्या होत्या. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल २००९ साली आला. सरकारी खर्चाची, सुसज्ज, प्रगत देशातील ही व्यवस्था होती.

त्यानंतर २०१० साली अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञ व विकृतिशास्त्रज्ञांच्या दोन संघटनांनी एकत्रितपणे नियम घालून दिले. जगात होणाऱ्या अशा चाचण्यांपैकी २० टक्क्यांपर्यंत चाचण्या चुकीच्या असू शकतात, असे त्यांनी प्रारंभीच नमूद केले. पूर्वी काही प्रयोगशाळा १० टक्के पेशी रंगल्या तरच ‘पॉझिटिव्ह’ म्हणत. टेक्सासमधील क्रेग ऑलरेड यांच्या चमूने १९९९ साली जवळजवळ २००० रुग्णांच्या अभ्यासातून दाखविले होते की, त्याहून कितीतरी कमी पेशी रंगलेल्या असल्या तरी औषधाचा लाभ होतो. पेशींचे प्रमाण आणि रंगाची तीव्रता यांची बेरीज करून ८ पैकी गुण देण्याची ऑलरेड यांची रीत भारतातील अहवालांतही आढळते. तीत ३ किंवा अधिक गुण म्हणजे ‘पॉझिटिव्ह’. नव्या नियमांनी ही सीमा १ टक्क्यावर आणली. २०२० साली त्यात सुधारणा होऊन १ ते १० टक्के रंगलेल्या गाठींना ‘अल्प पॉझिटिव्ह’ असे वेगळे नाव मिळाले, कारण अशा गाठींत लाभाचा पुरावा मर्यादित आहे.

परंतु मालवणच्या दृष्टीने या नियमांतील सर्वांत मोलाचा भाग प्रयोगशाळेत शिरण्यापूर्वीचा आहे. गाठ शरीराबाहेर आल्यापासून एका तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये गेली पाहिजे. ते फॉर्मॅलिन १० टक्के तीव्रतेचे व आम्लता काढून टाकलेले असले पाहिजे. आणि गाठ त्यात किमान ६ व कमाल ७२ तास राहिली पाहिजे. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. नील गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखविले होते की, ६ ते ८ तासांपेक्षा कमी मुरलेल्या गाठीत ग्राहकाचा रंग फिका पडतो. फॉर्मॅलिन ऊतीत तासाला सुमारे १ मिलिमीटर एवढ्याच गतीने शिरते. लिंबू न चिरता मिठात टाकले तर मीठ सालीशीच अडते. तसाच काढलेला संपूर्ण स्तन न कापता बरणीत ठेवला तर बाहेरचा थर मुरतो आणि गाठ ज्या खोल भागात आहे तो भाग दरम्यान कुजू लागतो. कोकणच्या उकाड्यात हे अधिकच वेगाने घडते. म्हणून अशा नमुन्याला गाठीपर्यंत छेद देऊन ठेवणे, बरणी रुंद तोंडाची असणे, आणि द्रव नमुन्याच्या दहापट असणे आवश्यक मानले जाते. सलाइनमध्ये किंवा कोरड्या कापडात पाठविलेला नमुना प्रवासातच आपली साक्ष गमावतो. परळच्या प्रयोगशाळेतील उत्तमात उत्तम प्रतिपिंडही ती परत मिळवून देऊ शकत नाही.

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर मुंबईचा प्रवास एका रात्रीचा झाला, तरी बरणीचा प्रवास माणसाच्या सोयीने होतो. कोणी नातेवाईक जाईल तेव्हा ती जाते; शनिवार-रविवार आला, गणपती आले, की ७२ तास सहज उलटतात. शस्त्रक्रियेचा आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याचा दिवस व वेळ बरणीवरील चिठ्ठीत लिहिली तर तपासणाऱ्या तज्ज्ञाला ‘निगेटिव्ह’ उत्तराकडे किती विश्वासाने पाहावे, हे तरी कळते. या एका ओळीच्या नोंदीला खर्च काहीच नाही. शस्त्रक्रियेपूर्वी सुईने घेतलेल्या बारीक तुकड्यावर, म्हणजे कोअर बायोप्सीवर, चाचणी करण्याकडे आता कल आहे, त्याचे एक कारण हेच. सुतळीएवढा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आतपर्यंत नीट मुरतो.

प्रयोगशाळांची परीक्षा घेण्याची पद्धतही या काळात रूढ झाली. एकाच गाठीचे कोरे काप अनेक प्रयोगशाळांना पाठवायचे, प्रत्येकीने ते आपल्या रीतीने रंगवून परत करायचे, आणि तज्ज्ञांनी ते शेजारी शेजारी ठेवून गुण द्यायचे. ब्रिटनमध्ये ही व्यवस्था आधीपासून होती. भारतात टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने २०१२ साली देशभरातील कर्करोग रुग्णालयांचे ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’ उभे राहिले, आणि अशा बाह्य गुणवत्ता परीक्षेलाही त्यातून बळ मिळाले. अहवालात केवळ ‘पॉझिटिव्ह’ वा ‘निगेटिव्ह’ न लिहिता किती टक्के पेशी रंगल्या, रंग किती गडद, निरोगी नलिका रंगल्या की नाहीत, हे लिहिण्याची अपेक्षा आता सर्वमान्य आहे.

मेणाचा ठोकळा मात्र वर्षानुवर्षे टिकतो. अहवालाबद्दल शंका असेल, निरोगी नलिकांचा उल्लेख नसेल, किंवा इस्ट्रोजेन-ग्राहक नाही पण प्रोजेस्टेरॉन-ग्राहक आहे असे विसंगत उत्तर असेल, तर तो ठोकळा प्रयोगशाळेकडून मागून घेऊन दुसरीकडे चाचणी पुन्हा करता येते. बाहेरून आलेल्या रुग्णांचे ठोकळे व काचपट्ट्या टाटा रुग्णालयात पुन्हा तपासल्या जातात, त्या याचसाठी. सिंधुदुर्गातून परळला जाणाऱ्या कुटुंबाने फायलीतील कागदांबरोबर तो बोटभर रुंदीचा ठोकळाही पिशवीत ठेवावा, आणि तो उन्हात तापणार नाही अशा जागी ठेवावा.